देव जाणवत नाही तेव्हा: निराशेच्या काळातील ईश्वरसान्निध्याविषयी ख्रिस्ती विश्वास काय सांगतो

दर रविवारी उपासनेला जाणारा, घरी नेमाने बायबल उघडणारा आणि अडचण आली की प्रथम गुडघे टेकणारा माणूसही कधीकधी अशा काळातून जातो की प्रार्थनेचे शब्द तोंडातून निघतात, पण ते कुणी ऐकत आहे असे त्याला वाटत नाही. कधी नोकरी गेलेली असते, कधी घरात लांबलेले आजारपण असते, कधी जवळचे माणूस दगावलेले असते. आणि कधी बोट ठेवून दाखवावे असे काहीच घडलेले नसते, तरी मन उतरून गेलेले असते. अशा वेळी देव आहे की नाही, हा त्याचा प्रश्न सहसा नसतो. देव आहे हे तो मानतोच. जो देव आहे तो माझ्यापाशी का नाही, हे त्याला छळत असते.

ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तर समजून घ्यायचे असेल, तर एक भेद आधी नीट ध्यानात घ्यावा लागतो. देवाचे सान्निध्य ही एक गोष्ट आहे आणि त्या सान्निध्याची जाणीव ही दुसरी. सान्निध्य देवाच्या वचनावर उभे आहे. पुनरुत्थित येशूने शिष्यांना युगाच्या समाप्तीपर्यंत सर्व दिवस सोबत राहण्याचे अभिवचन दिले, तेव्हा त्याला ‘तुम्हांला जाणवेल तोपर्यंत’ अशी अट घातली नाही. जाणीव मात्र आपली झोप, आपले शरीर, आपला स्वभाव, सोसलेले दुःख आणि भोवतालची माणसे यांवरही अवलंबून असते, म्हणून ती कमीजास्त होते आणि काही काळ पूर्णपणे नाहीशीही होते. जाणीव गेली म्हणजे देव गेला, असे मानून माणूस स्वतःला दुहेरी शिक्षा करून घेतो: एक मूळच्या दुःखाची आणि दुसरी, आपण देवाच्या मनातून उतरलो या समजुतीची.

ही समजूत घट्ट होण्यात आपल्या मंडळ्यांचाही वाटा आहे, असे मला वाटते. प्रार्थनासभांमध्ये साक्षी दिल्या जातात त्या बहुधा पार पडलेल्या संकटांच्या असतात. ताप उतरला, कर्ज फिटले, मुलाला नोकरी लागली. त्या खऱ्या असतात आणि त्यांबद्दल उपकारस्तुती व्हायलाच हवी. पण जो अजून मधल्या वाटेवर आहे, ज्याची प्रार्थना पाच वर्षे अनुत्तरित आहे, त्याला उभे राहून तसे सांगण्याची सोय त्या सभेत नसते. आणि चुकून त्याने सांगितलेच, तर ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य कुणाच्या तरी ओठांवर तयार असते. पवित्र शास्त्र मात्र अशा माणसाशी वेगळ्या रीतीने वागते. ते कसे, हे पाहण्यासाठी जुन्या करारातील संदेष्टा एलीया याची कथा सर्वांत उपयोगी आहे, आणि ती घाईने वाचण्यासारखी नाही.

रतामाच्या झाडाखालचा संदेष्टा

राजांचे पहिले पुस्तक, अध्याय १९. याच्या आधीच्याच अध्यायात एलीयाने कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले आहे, स्वर्गातून अग्नी उतरला आहे, तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस पडला आहे आणि तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला आहे. एखाद्या सेवकाच्या आयुष्यात याहून मोठा दिवस असू शकत नाही. आणि मग ईजबेल राणीचा एक निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेईन. तेवढ्याने एलीया मोडतो. तो यहूदातील बैर-शेबापर्यंत पळतो, बरोबरच्या गड्याला तिथेच ठेवतो, एकटा रानात एक दिवसाची मजल चालून जातो, रतामाच्या एका झाडाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा जीव घे, अशी देवाला विनंती करतो. मग तो झोपी जातो.

देवाचे पहिले उत्तर या ठिकाणी येते. एक देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. त्याला कुणी हटकत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा खायला सांगतो आणि त्याचे कारणही देतो: पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. मरण मागणाऱ्या संदेष्ट्याला देवाने दिलेल्या या उत्तरात उपदेशाचा एकही शब्द नाही. कर्मेलवर काय झाले ते विसरलास का, असे त्याला कुणी विचारत नाही. दोन जेवणे, दोन झोपा आणि दोनदा झालेला स्पर्श, एवढाच हा सगळा प्रसंग आहे. जो माणूस शरीराने आणि मनाने रिता झाला आहे, त्याच्यापाशी देव प्रथम अन्नाच्या आणि विश्रांतीच्या रूपाने येऊ शकतो, हे शास्त्राने इतक्या साधेपणाने सांगून ठेवले आहे की आपण ते वाचून पुढच्या ‘मोठ्या’ भागाकडे निघून जातो. उपास आणि रात्रभराची प्रार्थना यांना ख्रिस्ती जीवनात स्थान आहेच. परंतु खचलेल्या माणसाला लगेच आणखी एक उपास सांगण्याआधी हा प्रसंग आठवावा.

त्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब पर्वतावर पोहोचतो आणि एका गुहेत शिरतो. तिथे त्याला प्रश्न येतो: एलीया, तू येथे काय करीत आहेस? त्याचे उत्तर असे की मी देवासाठी फार ईर्ष्यावान होतो, लोकांनी तुझा करार सोडला, तुझ्या वेदी मोडल्या, तुझे संदेष्टे मारले, आणि मी एकटाच उरलो आहे. हे शेवटचे वाक्य खरे नव्हते, आणि विशेष म्हणजे ते खरे नाही हे एलीयाला माहीत होते. थोड्याच दिवसांपूर्वी राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितले होते की त्याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास असे गुहांत लपवून भाकर-पाणी पुरवले आहे. एलीयाने ते ऐकले होते. पण निराशेत माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टीही हाताशी राहत नाहीत. ‘माझे कुणी नाही’ हे वाक्य तो खोटे बोलावे म्हणून बोलत नाही, त्या क्षणी त्याला तेवढेच दिसत असते. खचलेल्या माणसाशी पुराव्यानिशी वाद घालून फारसे काही साधत नाही, ते यामुळेच.

मग तो प्रसिद्ध प्रसंग घडतो. डोंगर फोडणारा वारा येतो, पण परमेश्वर वाऱ्यात नाही; भूकंप होतो, पण परमेश्वर भूकंपात नाही; अग्नी येतो, पण परमेश्वर अग्नीत नाही. त्यानंतर एक शांत, मंद वाणी. जो देव कालपरवा कर्मेलवर अग्नीने बोलला, तो आज अग्नीने बोलत नाही. पूर्वी ज्या रीतीने देवाचा अनुभव आला त्याच रीतीने तो पुन्हा यावा, असा आग्रह धरून बसलेल्या विश्वासणाऱ्याने इथे थांबावे. तरुणपणी एखाद्या शिबिरात डोळे भरून आले होते आणि आता येत नाहीत, यावरून देव दुरावला असा निष्कर्ष निघत नाही.

या प्रसंगावर प्रवचने बहुधा इथे संपतात. पण मजकूर पुढे जातो, आणि मला सर्वांत जास्त धीर देणारा भाग तो पुढचाच वाटतो. मंद वाणी ऐकून एलीया झग्याने तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी येतो, त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि तो पुन्हा तेच उत्तर देतो. शब्दशः तेच. देवाची वाणी प्रत्यक्ष ऐकल्यानंतरही त्याची निराशा जागची हललेली नाही. तरी देव रागावत नाही आणि आता तरी तुला बरे वाटायला हवे होते, असेही म्हणत नाही. तो त्याला परत पाठवतो: हजाएलाला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलाचा राजा म्हणून अभिषेक कर, आणि तुझ्या जागी अलीशाला नेम, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक मी इस्राएलात राखून ठेवले आहेत. या तीन कामांपैकी एलीयाच्या हातून पार पडल्याचे शास्त्र सांगते ते एकच. बारा जोत बैलांनी शेत नांगरत असलेल्या अलीशावर तो आपला झगा टाकतो. उरलेली दोन्ही कामे पुढे अलीशाच्या काळात होतात. बैर-शेबात गड्याला मागे सोडून एकटा रानात गेलेल्या माणसाला परतताना एक सोबती मिळतो, आणि मजकूर सांगतो की अलीशा त्याच्या मागे जाऊन त्याची सेवा करू लागला. एलीयाची मनःस्थिती नेमकी कधी पालटली, हे कुठेही लिहिलेले नाही.

तक्रारीलाही प्रार्थनेत जागा आहे

निराशेत देवाशी काय बोलावे, हे पुष्कळांना कळत नाही. मनात राग असतो, पण देवापुढे राग दाखवणे हे पाप वाटते, म्हणून प्रार्थना हळूहळू औपचारिक होते आणि मग बंद पडते. इथे बायबलमधील स्तोत्रसंहिता मदतीला येते. तिच्यातील १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? बेचाळिसाव्या स्तोत्रातील कवी स्वतःच्याच जिवाशी बोलतो, ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ आणि त्याला देवाची आशा धरायला सांगतो. पण एकदा सांगून जीव ऐकत नाही, म्हणून त्याच स्तोत्रात पुन्हा सांगतो आणि त्रेचाळिसाव्यात आणखी एकदा. ज्या मराठी वाचकाने तुकोबांचे करुणापर अभंग ऐकले आहेत त्याला हा स्वर परका वाटणार नाही. देवाशी भांडता येते, कारण तो आपला आहे.

बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. त्यात कवी रात्रंदिवस आरोळी मारतो, देवा, तू माझा त्याग का करतोस असे विचारतो, मित्र दूर गेल्याचे सांगतो, आणि स्तोत्र अंधारातच संपते. पुढे आशेची एक ओळ जोडून द्यावी, असे संकलन करणाऱ्यांना वाटले नाही. ते तसेच उपासनेच्या संग्रहात ठेवले गेले आणि शतकानुशतके मंदिरांत, मठांत, चर्चमध्ये म्हटले गेले. अंधारातून बाहेर न पडताही देवाशी बोलता येते आणि ते बोलणेही प्रार्थना म्हणून स्वीकारले जाते, याचा याहून भक्कम आधार मला ठाऊक नाही. यातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या देवाने सोडले असे कवी म्हणतो, त्यालाच तो ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारतो. तक्रार करणाऱ्याने संबंध तोडलेला नसतो. ज्याने तोडला तो तक्रार करायलाही येत नाही.

बायबलमधील विलापगीत या पुस्तकातील त्या ओळी, परमेश्वराची दया सरत नाही, ती रोज सकाळी नवी होते, भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर छापलेल्या आपण पाहतो. त्या कुठे लिहिल्या गेल्या, ते मात्र दिनदर्शिकेवर नसते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जाळले, त्या राखेत बसून लिहिलेल्या पाच गीतांपैकी मधल्या गीतात त्या ओळी येतात. त्यांच्या आधी विध्वंस आहे, नंतरही विध्वंस आहे, आणि पुस्तकाचा शेवट, तू आम्हांला अगदीच टाकले आहेस काय, अशा शंकेवर होतो. आशा दुःख मिटल्यावर आलेली नाही. ती दुःखाच्या मधोमध उच्चारली गेली आहे आणि उच्चारल्यावर पुन्हा रडणे सुरू झाले आहे.

ख्रिस्ती विश्वासासाठी या सगळ्याचा मध्यबिंदू वधस्तंभ आहे. गेथशेमाने बागेत येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे शिष्यांना उघडपणे सांगितले आणि माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनंती केली, पण ते झोपले. वधस्तंभावर त्याने बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य उच्चारले: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ देवाने टाकल्याची जाणीव हा देवापासून दूर असल्याचा पुरावा असता, तर ती देवाच्या पुत्राच्या वाट्याला आली नसती. म्हणून ख्रिस्ती माणूस जेव्हा त्या अंधारात जातो, तेव्हा ख्रिस्त जिथे पोहोचलेलाच नाही अशा ठिकाणी तो जात नसतो. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याला एक जोड दिली आहे: कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ज्या रात्री शब्द सुचत नाहीत त्या रात्रीही प्रार्थना पूर्णपणे थांबलेली नसते.

कोरडेपणाचा अर्थ

सोळाव्या शतकात स्पेनमधील कार्मेलाईट संन्यासी योहान, ज्यांना ‘क्रुसाचा संत योहान’ म्हणून ओळखतात, त्यांनी या कोरडेपणाचा सखोल विचार केला. त्यांच्याच संन्यासी संघातील, संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या बंधूंनी त्यांना डिसेंबर १५७७ मध्ये तोलेदो येथे एका अरुंद, अंधाऱ्या कोठडीत डांबले आणि ऑगस्ट १५७८ मध्ये ते तिथून निसटले. ‘आत्म्याची काळोखी रात्र’ ही कल्पना त्यांच्याच लेखनातून रूढ झाली. त्यांचे म्हणणे असे की भक्तीच्या सुरुवातीला देव गोडी देतो, पण माणूस देवाऐवजी त्या गोडीवरच प्रेम करू लागतो, म्हणून आई जशी स्तनाला कडू रस लावून बाळाचे दूध तोडते आणि त्याला कडेवरून उतरवून पायांवर चालायला लावते, तसा देव ती गोडी काढून घेतो.

मग हा कोरडेपणा आळसामुळे आला की देवाकडून, हे ओळखायचे कसे? योहान काही खुणा सांगतात, आणि त्यांतील एक विशेष उपयोगी आहे. आळशी माणसाला देव दुरावल्याची खंत नसते. या रात्रीतून जाणाऱ्याला मात्र देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, आणि आपण मागे पडत आहोत, देवाची सेवा करत नाही आहोत, या काळजीने तो सतत पोखरला जातो. ही काळजीच त्याचे मन देवाकडे लागले असल्याची खूण आहे. शिवाय, शरीरप्रकृतीतून येणारे औदासीन्य यात मिसळलेले असू शकते, याची नोंदही त्यांनी करून ठेवली आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

विसाव्या शतकात हाच विचार एका ठळक उदाहरणात दिसला, आणि त्याचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की गरिबांतील सेवा सुरू झाल्यापासून जवळजवळ अखेरपर्यंत त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. १९६१ मध्ये त्यांनी आपली ही अवस्था ऑस्ट्रियात जन्मलेले येशूसंघीय ईशज्ञानी फादर जोसेफ नॉयनर यांच्यापुढे मांडली. फादर नॉयनर यांनी पुण्यात दीर्घकाळ अध्यापन केले आणि २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचा देहान्त पुण्यातच झाला. त्यांनी मदर तेरेसांना सांगितले की या अंधारावर मानवी उपाय नाही, तेव्हा त्याबद्दल स्वतःला दोषी धरू नये. देव जाणवणे हाच त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही, उलट त्याची एवढी तीव्र ओढ लागणे हीच त्याच्या गुप्त सान्निध्याची खात्रीची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या सेवेचाच आतला भाग समजून स्वीकारावा. यानंतर मदर तेरेसांनी त्यांना लिहिले की अकरा वर्षांत प्रथमच त्या या अंधारावर प्रेम करू लागल्या आहेत. अंधार गेला नाही. त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली, आणि त्या पुढे तीन दशकांहून अधिक काळ काम करत राहिल्या.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळ्या जातीची आहे, पण तीही इथे मोलाची ठरते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट म्हटले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. ही आठ वर्षे कोणती, ते पाहावे. याच काळात त्यांनी अमेरिकेत भारतीय विधवांसाठी साहाय्य उभे केले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. ज्या वर्षांत त्यांना आतून पूर्णता वाटत नव्हती, त्याच वर्षांत त्यांच्या हातून पुढच्या मोठ्या कार्याचा पाया घातला जात होता.

मग शोधायचे कुठे?

जाणीव हाच एकमेव पुरावा नसेल, तर देवाचे सान्निध्य इतर ठिकाणी पाहायला शिकावे लागते. त्यांतले एक ठिकाण म्हणजे माणसे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या खचलेपणाविषयी मोकळेपणाने लिहितो. आशियात जगण्याची आशाही उरली नव्हती, असे तो सांगतो. मासेदोनियात पोहोचल्यावर बाहेरून भांडणे आणि आतून भीती, अशी त्याची अवस्था होती. तिथे, लीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने माझे सांत्वन केले, असे तो म्हणतो आणि ते कसे केले तेही सांगतो: तीताच्या येण्याने. पौलाने दर्शने पाहिली होती, पण या वेळी देवाचे सांत्वन प्रवास करून आलेल्या एका मित्राच्या रूपाने दारात उभे राहिले. म्हणून निराशेत माणसे टाळावीशी वाटतात तेव्हाच एका तरी माणसाला ‘माझे बरे चाललेले नाही’ असे नेमक्या शब्दांत सांगावे. पाळकांना, फादरांना, बहिणीला, जुन्या मित्राला, ज्याच्यापुढे अवघडल्यासारखे होत नाही त्याला.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर. येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या सुमारे अकरा किलोमीटरच्या वाटेवर चाललेले दोन शिष्य, आमची आशा होती, पण ती संपली, असे शेजारून चालणाऱ्या अनोळखी वाटसरूला सांगत होते, आणि तो वाटसरू येशूच होता. त्यांनी त्याला भाकर मोडताना ओळखले. मनात काही हलत नसतानाही मिस्सेला किंवा प्रभुभोजनाला जात राहणे याला काही जण ढोंग म्हणतात. मला तसे वाटत नाही. तिथे जे दिले जाते ते घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते, आणि स्वतःची प्रार्थना आटली असताना मंडळीच्या प्रार्थनेत उभे राहता येणे हा मोठाच आधार आहे.

आणखी एक जुना आणि फार व्यवहारी सल्ला लोयोलाचे संत इग्नाती यांचा आहे. त्यांची आध्यात्मिक साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये छापली गेली. तिच्यात ते सांगतात की औदासीन्याच्या काळात आधीचा कोणताही निश्चय बदलू नये. मन प्रसन्न असताना जे ठरवले होते त्यावर ठाम राहावे. सेवा सोडणे, मंडळी सोडणे, नाते तोडणे असे निर्णय त्या काळात घेऊ नयेत, कारण त्या वेळी आपल्याला मिळणारा सल्ला विश्वासार्ह नसतो. प्रार्थना तोडू नये, उलट थोडी वाढवावी, असेही ते म्हणतात. ज्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्याने अठ्ठ्याऐंशीवे किंवा तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि तेवढ्यावर थांबावे. पाच मिनिटे पुरेत.

मात्र प्रत्येक निराशा केवळ आध्यात्मिक नसते. दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, कामे होत नसतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते नैराश्य नावाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. एलीयापुढे भाकर ठेवणाऱ्या देवाला गोळीही परकी नाही. भारत सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तो विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर प्रार्थनासभेची वाट पाहू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे आणि एकटे राहू नये.

शेवटी, सोबत करणाऱ्यांविषयी. जुन्या करारातील ईयोब हा नीतिमान माणूस सर्वस्व गमावून बसला, तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याकडे आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कुणी एक शब्दही बोलले नाही. हे त्यांनी फार चांगले केले. मग ते बोलू लागले. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काही पाप घडले असणारच, असे त्यांनी नाना परींनी समजावले. ईयोब मात्र देवाला थेट जाब विचारत राहिला. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. मग तो त्यांना होमबली घेऊन ईयोबाकडे पाठवतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम ईयोबावर सोपवतो.